हळदीचे हात आणि सातवी सूचना

कोल्हापूरहून निघताना वहीत सोळा गोष्टी लिहिल्या होत्या. सतरावी लिहिली नव्हती, कारण ती मी हातातून खाली ठेवणारच नव्हते. ती म्हणजे निळी शीतपेटी. तिच्यात ग्लिसरीनमध्ये राखलेली माणसाची कातडी होती.

मी त्वचापेढीत काम करते. मृत्यूनंतर डोळे देतात तशी कातडीही देता येते, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मार्चमधल्या या आठ-नऊ दिवसांत दोन कामं होती. लातूरला नव्या पथकाला कातडी घेण्याची पद्धत शिकवायची आणि तिथून पेटी घेऊन नांदेडला जायचं. नांदेडच्या एका रुग्णालयात हदगाव तालुक्यातली एक बाई वाफेने भाजून पडली होती. तिच्यावर नव्या पद्धतीने कातडी उगवायची होती आणि त्यासाठी वरून पांघरायला दात्याची कातडी लागणार होती.

लातूर, औसा

लातूरला सकाळी न्याहारीला सुशीला मिळाला. भिजवलेले चुरमुरे, फोडणी, वर दाण्याचं कूट. मिसळीवर वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्या घासाला तो मवाळ वाटला, पण दुपारी दोनपर्यंत भूक लागली नाही, हेही खरं. वहीत नोंद केली.

शिकवणीचा पहिला दिवस अर्धा झाला असेल-नसेल तोच औशाहून फोन आला. कांबळे गुरुजी नावाच्या निवृत्त शिक्षकांची बायको सकाळी वारली होती आणि दोघांनी पूर्वीच अर्ज भरून ठेवलेले होते. सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. शिकवणीचा दुसरा भाग मग औशातच झाला.

गुरुजींच्या घरी बुद्धवंदना नुकतीच संपली होती. पांढऱ्या साडीतल्या बाईंच्या उशाशी मेणबत्ती जळत होती. अंगणात माणसं बसली होती आणि त्यांच्यात बाईंचा धाकटा भाऊ हमसून रडत होता.

"भावजी, लोक काय म्हनतील? बहिनीला सोलली म्हनतील!"

"सोलत न्हाईत रे," गुरुजी म्हणाले. "मी समदं विचारून घेतलंय. मॅडम, तुम्हीच सांगा याला. सगळ्यांसमोर सांगा."

मी सांगितलं. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ, एवढ्याच जागा. वरचा पातळ पापुद्रा तेवढा घेतो, कांद्याच्या सालीसारखा. चेहऱ्याला आणि हातांना हात लावत नाही. रक्त वाहत नाही. नंतर पट्टी बांधून, साडी नेसवून देतो. तासाभराचं काम.

भाऊ रडायचा थांबला नाही, पण बाजूला झाला.

काम झाल्यावर गुरुजी आत आले आणि पट्टीवरून साडीचा काठ त्यांनी स्वतः सारखा केला. मग मला विचारलं, "कुनाला लागंल ही?"

"अजून काही आठवडे तपासण्या होतील, गुरुजी. मग ज्याला गरज असेल त्याला. नाव सांगायचा नियम नाही. त्यांनाही तुमचं सांगत नाही."

"छत्तीस वर्सं हजेरी घेतली मी," ते म्हणाले. "नाव नसलेलं पोरगं माझ्या वर्गात कधी बसलं न्हाई."

माझ्या पेटीतल्या कातडीमागेही असंच कुठलं तरी घर होतं आणि त्या घराचं नाव मलाही ठाऊक नव्हतं.

लातूर ते नांदेड

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एकच आहे. गाडीत चढताना कंडक्टरने पेटीकडे बोट दाखवलं. "मासे हायत का मॅडम? वास सुटंल बरं."

"मासे नाहीत."

"मग आईस्क्रीम? उनात पानी हून जाईल त्याचं."

"भाजलेल्या माणसाला लावायची कातडी आहे. माणसाची."

पेटी त्याने स्वतःच्या सीटवर ठेवली आणि अहमदपूरपर्यंत उभ्याने तिकिटं फाडली.

नांदेड

आमच्याकडे रुग्णासोबत दोघं-तिघं असतात. इथे रुग्णालयाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली एकेका रुग्णाची अकरा-अकरा माणसं पथाऱ्या टाकून होती. कुणी भाकरी बांधून आणलेली, कुणी चटणी कांडून आणलेली. मला पाहिल्या पाहिल्या तीन घरांनी जेवायला बोलावलं. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी मी तिथेच पहिल्यांदा खाल्ली. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ पाण्यात उकळून केलेली ही आमटी कोल्हापूरकराला दिसायला फिकी वाटते, पण कानातून घाम काढते.

आमटी वाढणारी बाई गयाबाई होती, मी जिच्यासाठी आले होते त्या सुमित्राची सासू.

सुमित्रा तिशीची. महिन्यापूर्वी त्यांच्या शेतात हळद शिजत होती. या भागात फेब्रुवारी-मार्चला हळद काढतात आणि मोठ्या पिंपांत वाफ सोडून शिजवतात. त्या यंत्राला सगळे कुकरच म्हणतात. बॉयलरकडून पिंपाकडे जाणारा पाइप सुटला आणि वाफ तिच्या छातीवर, दोन्ही दंडांवर, मांडीवर आली. आजूबाजूच्यांनी घाईत जे हाताशी होतं ते लावलं, म्हणजे ओली हळद. मुठीमुठीने. ती धुऊन काढायला परिचारिकांना अर्धा दिवस लागला होता आणि त्यात जखम चिघळली होती.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. नसरीन तरुण आहेत आणि बोलतात मोजकं. त्यांनी मला सगळं एका कागदावर काढून दाखवलं. मला यादी आवडते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

पूर्वी अशा रुग्णाच्या चांगल्या भागाची कातडी काढून जखमेवर लावत. पण चांगला भागच थोडा उरला असेल तर काय करायचं? म्हणून आता आधी जखमेवर एक कृत्रिम थर बसवतात. खाली स्पंजासारखं जाळं, वर पातळ पडदा. त्या जाळ्यात तीन आठवड्यांत शरीर आपल्या रक्तवाहिन्या घालतं. सुमित्राच्या अंगावर ते काम झालं होतं. आता पडदा काढायचा, तिच्या मांडीच्या मागची पोस्टाच्या तिकिटाएवढी कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशी सुट्या करून पाण्यासारख्या द्रवात मिसळायच्या आणि त्या जखमेवर फवारायच्या. सोबत तिच्याच थोड्या कातडीला छिद्रं पाडून, जाळीसारखी ताणून बसवायची. आणि या सगळ्यावर पांघरूण म्हणून माझ्या पेटीतली कातडी.

"फवारायच्या?" मी विचारलं. पेढीत इतकी वर्षं काढून मी हे प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

"पेशी फवारायचं तंत्र आपल्याकडे कोडावर आधीपासून वापरतात," त्या म्हणाल्या. "भाजलेल्यांवर कमी. परदेशात प्रयोगशाळेत कातडीच्या चादरी वाढवतात, यंत्राने छापायचे प्रयोग चाललेत. ते येईल तेव्हा येईल. आज हे आहे."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मी काचेच्या या बाजूला होते. बारीक तुषार जखमेवर पडत होते आणि दिसत काहीच नव्हतं. पेरणी झालेल्या रानात पहिल्या दिवशी काय दिसतं? तसंच.

"पाचव्या दिवशी पट्टी उघडू," डॉ. नसरीन म्हणाल्या. "तोवर दोन गोष्टी. जंतू नकोत आणि तिने खाल्लं पाहिजे. अंडी, दूध, डाळ. अंगात बळ नसेल तर पेशी रुजत नाहीत. रुजल्या नाहीत तर पुन्हा घ्यायला तिच्याकडे फारशी जागा उरलेली नाही."

मी पाचव्या दिवसापर्यंत थांबायचं ठरवलं. जंतूंचं काम माझ्याकडे घेतलं. त्याच दुपारी कागदावर जाड पेनाने मोठ्या अक्षरांत सात सूचना लिहून दारावर लावल्या. एका वेळी एकच माणूस. हात साबणाने धुणे. चपला बाहेर. फुलं, अंगारा, प्रसाद आत नको. रुग्णाला स्पर्श नको. बाहेरचं अन्न परिचारिकेला विचारून. आणि धुऊन काढलेल्या त्या हळदीची गोष्ट डोक्यात ताजी होती म्हणून सातवी: हळद किंवा हळदीचा हात आत आणू नये. सातवीखाली दोन रेघा ओढल्या.

तिसऱ्या दिवशी परिचारिका म्हणाली, सुमित्रा जेवत नाही. काल एक पेला दूध, आज तेही नाही.

मी गाऊन चढवून आत गेले. "का गं? पोटात दुखतं का?"

"न्हाई."

"मग? तुझ्यासाठी अंडी उकडून आणलीत सासूबाईंनी."

ती छताकडे बघत होती. "मॅडम, माझं मानूस आलं का खाली?"

"मला ओळखू कसं येईल तुझं माणूस?"

"महिनाभर रोज येत हुते. दुपारच्या गाडीनं. बोलत काई न्हाईत, बसून ऱ्हायचे. आपरेशन झाल्यापासनं आलेच न्हाईत." मग म्हणाली, "बघवंना झालं असंल त्यायला. कुनाला बघवंल?"

गयाबाईला खाली जाऊन विचारलं तर तिने नजर चुकवली. "येतो की. येतो अन जातो."

"वर का येत नाही मग?"

"आता मी काय सांगू माय."

हदगाव

चौथ्या दिवशी सकाळी मी हदगावची गाडी पकडली. एक कारण मी वहीत लिहिलं होतं: सुमित्राच्या गावात भाजल्यावर काय करावं आणि काय करू नये याची माहिती द्यायची. दुसरं कारण वहीत नव्हतं.

हदगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत होती. ताडपत्र्यांवर, शाळेच्या मैदानावर, देवळासमोर. हवेत उग्र, मातकट वास. दुरून एका शेतातून वाफेचा लोट उठताना दिसला तेव्हा मी तिकडे वळले. तिथे कामावरच्या बायका उकडलेली हळद घमेल्यांनी पसरत होत्या. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे.

त्यांच्या तोंडून कळलं की सुमित्राचा नवरा बालाजी मागे हौदापाशी आहे.

तो उकिडवा बसून हात घासत होता. हौदाच्या कडेला लिंबाच्या फोडी, धुण्याची पावडर, भांडी घासायची काथ्या आणि वाळूचा ढीग. तळहाताची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांतून रक्त आलं होतं. आणि सालाखालूनही तो पिवळाच होता.

मी नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला, हात मागे घेऊन.

"न्हाई जाईना, मॅडम," तो म्हणाला. "चार दिस झाले घासून राहिलो. अर्धी हळद शिजायची ऱ्हायलीय, काम थांबवलं तर सडून जाईल. अन काम केलं तर हात असे."

"आणि वर येत नाहीस तो यामुळे?"

"पाटी लावली ना तुमी. हळदीचा हात आनू नये. दोन रेघा हायत खाली." त्याने हात पुढे केले, मला दाखवायला. "रोज येतो मी. आईजवळ डबा देतो. जिन्यापर्यंत जातो अन वापस."

चार दिवस या माणसाला मी माझ्या हाताने बाहेर काढलं होतं. मी त्याला म्हटलं, चूक माझी आहे. मला जखमेवर हळद लावू नका एवढंच म्हणायचं होतं. डाग म्हणजे हळद नव्हे. धुतलेला हात चालतो, वरून हातमोजे देऊ.

तो खाली बसला.

"खरं सांगू का," तो म्हणाला. "पाटी वाचली तवा सुटल्यावानी झालं. पाइप मीच बसवला हुता. क्लिप ढिली हुती, तारेनं बांधली. ती म्हनली हुती, दुसरी आना. म्या म्हनलं, आजच्या दिवस हून जाईल." पुन्हा हाताकडे बघत म्हणाला, "महिनाभर तिच्यासमोर बसलो. ती काईच म्हनत न्हाई. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं."

"ती जेवत नाही, बालाजी."

"काय?"

"तू येईनासा झालास तेव्हापासून. तिला वाटतं, तुला ती बघवत नाही. आणि ती जेवली नाही तर जे लावलंय ते रुजणार नाही."

त्याने हौदातल्या पाण्याने तोंड धुतलं आणि एका बाईला म्हणाला, "काकू, वाफेकडं ध्यान ठिवा. अन पाइपजवळ कुनी बसू नका."

गावातलं माझं भाषण दहा मिनिटांत आटोपलं. भाजलं की गार पाणी, पुष्कळ वेळ, वरून स्वच्छ कापड, हळद नाही, शाई नाही, दंतमंजन नाही, आणि दवाखाना. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग हळद कायच्या कामाची?" "आमटीत टाकायला," मी म्हटलं. बायका हसल्या. बालाजी रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभा होता.

पुन्हा नांदेड

दारावरच्या कागदातली सातवी सूचना मी खोडली. खोडाखोड मला आवडत नाही, तरी नवा कागद करायला वेळ नव्हता.

परिचारिकेने बालाजीचे हात तपासले, दोनदा धुवायला लावले, फुटलेल्या पेरांवर पट्ट्या लावल्या, गाऊन आणि हातमोजे दिले. ते पातळ पांढरे हातमोजे. आतून पिवळा रंग दिसत होता.

मी दाराशीच थांबले. एका वेळी एकच माणूस, हा नियम मीच लिहिलेला.

सुमित्राने त्याच्याकडे पाहिलं, मग हातांकडे. सातव्या सूचनेची गोष्ट मी तिला आधीच सांगून आले होते.

"झाली का शिजवून?" ती म्हणाली.

"ऱ्हायलीय थोडी."

"पाइपची क्लिप?"

"नवी आनली." मग म्हणाला, "चारी जोडांच्या आनल्या."

"आता?"

"हाव. आता."

तिने डोळे मिटले. वाटलं, संपलं बोलणं. पण ती म्हणाली, "म्हंजे अक्कल ईकत घ्यायला मला शिजवावं लागलं." बालाजीचे खांदे हलायला लागले. ती म्हणाली, "रडू नका. गाऊन वल्ला हुईल, मंग त्या मॅडम आठवी सूचना लिहितील."

मी मागे सरले. मला ऐकू आलं हे त्यांना कळायला नको होतं.

संध्याकाळी परिचारिकेच्या तक्त्यावर लिहिलं होतं: दोन अंडी, वाटीभर वरण, दूध.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. डॉ. नसरीन एकेक थर ओला करून अलगद सोडवत होत्या. दात्याची कातडी बऱ्याच ठिकाणी बसलेली होती. एका कडेला ती जरा उचलून त्यांनी खाली बघितलं आणि मला जवळ बोलावलं. जाळीच्या छिद्रांमध्ये फिकट गुलाबी, ओलसर, मोत्यासारखी चमक होती. कडा एकमेकींकडे सरकायला लागल्या होत्या.

उजव्या कोपरापाशी मात्र तळहाताएवढा भाग गेला होता. तिथे पुन्हा करावं लागणार. डॉक्टरांनी ते सुमित्राला लगेच सांगितलं, लपवलं नाही. पुढेही वर्षभर दाबपट्ट्या, व्यायाम, खाज, ऊन टाळणं. कातडीचा रंग पूर्वीसारखा होईलच असं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"वरची कुनाची हाय?"

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं. "मलाही ठाऊक नाही."

"अन ती ऱ्हाती का माझ्यावर?"

"नाही. तुझी आली की ती आपोआप निघून जाते."

दाराबाहेरून गयाबाई म्हणाली, "बाळंतपनाला आलेल्या मायवानी हाय म्हना की. लेक उठली का निघाली आपल्या घरी."

पेढीत इतकी वर्षं लोकांना समजावून सांगताना मला असं कधी सुचलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

परतताना

निघताना गयाबाईने मला जिना उतरून लिंबापर्यंत नेलं, वॉर्डापासून पुरेसं लांब, आणि तिथे कपाळाला हळदकुंकू लावलं. मग सवयीने बोट पदराला पुसलं, दचकून पदराकडे बघितलं आणि नळाकडे गेली.

सोलापूरची गाडी औशावरूनच जाते. मी तिथे उतरून पुढची गाडी धरली. गुरुजी ओसरीवर बसले होते. त्यांना बाईंची कातडी अजून तपासणीतच आहे, हे आधी सांगितलं. मग नाव-गाव न घेता एवढंच म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या घरून आलेली एक कातडी नुकतीच एका बाईच्या अंगावर बसलेली मी पाहिली, आणि ती बाई आता जेवते.

गुरुजींनी आत जाऊन पाणी आणलं. मी पाणी पीत होते तेव्हा म्हणाले, "म्हंजे वर्गात हाय कुनीतरी. नाव न्हाई, पन हाय."

कोपराची दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात झाली. डॉ. नसरीन यांचा निरोप आला, तेही बसलं.

आमच्या पेढीतून पाठवायच्या पेटीत आता सूचनांचा छापील कागद असतो. सूचना अजून सातच आहेत. हळद जखमेला लावू नये, ही खाली कुठेतरी आहे. सगळ्यात वर मी लिहिलं आहे: घरच्या माणसाला आत येऊ द्यावे. हाताला डाग असला तरी.